खांदेरी १६७९ : बेट राखले कुणी, नाव राहिले कुणाचे

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून समोर दोन बेटे दिसतात. अलीकडचे उंदेरी, पलीकडे खोल समुद्राच्या बाजूला खांदेरी. खांदेरीच्या टेकाडावर १८६७ सालचा दीपस्तंभ आहे. १९९८ पासून या बेटाचे सरकारी नाव ‘कान्होजी आंग्रे द्वीप’ आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांतही खांदेरी आहे.

खांदेरीचा तट चढायला लागला तो १६७९ मध्ये. कान्होजींचा जन्म १६६९ चा धरला जातो, म्हणजे तेव्हा ते दहा वर्षांचे होते. बेटावर उतरून काम सुरू केले शिवाजी महाराजांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी यांनी. मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांच्या नाकाबंदीत ते काम जगवले महाराजांचेच दुसरे आरमारी सरदार दौलतखान यांच्या आरमाराने. आज अलिबाग-मुरुडच्या सहलीला आलेल्या दहा जणांना विचारले, तर कान्होजी आंग्रे हे नाव बहुतेक जण सांगतील. दौलतखान कोण, हे एखाद्यालाच सांगता येईल.

सेनापती प्रसिद्ध का होतात आणि विसरले का जातात, हे तपासायला खांदेरीइतके चांगले प्रकरण कोकणात दुसरे नाही. बेट तेच, समोरचा शत्रू तोच, समुद्रही तोच. शिवाय १६७९ च्या लढाईतला एक इंग्रज अधिकारी त्यांच्या इतिहासात ठळक राहिला, आणि त्याच जहाजावरचा दुसरा पुसला गेला. इतक्या गोष्टी समान असल्या की फरक नेमका कुठे पडतो ते दिसू लागते.

नाकाबंदी का फसली

खांदेरी मुंबई बंदराच्या तोंडाशी, दक्षिणेला आहे. तिथे तोफा बसल्या की मुंबईत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजावर नजर राहते. सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबईच्या आसऱ्याला यायचे, त्याच्यावरही. म्हणूनच शिवाजी महाराजांनी १६७२ मध्येच हे बेट बांधायला घेतले होते. तेव्हा इंग्रज आणि सिद्दी आडवे आले आणि काम सोडावे लागले.

ऑगस्ट १६७९ च्या अखेरीस मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसे आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरले. ही वेळ विचार करून निवडलेली होती. पावसाळा सरलेला नव्हता, समुद्र खवळलेला होता, मोठी जहाजे बंदराबाहेर काढणे जोखमीचे होते. पहिले काम तटाचे नव्हतेच. उतरण्याजोग्या जागांवर दगडांचे आडोसे घालायचे, म्हणजे शत्रूची होडी आली तर माणसे त्यामागून गोळी घालू शकतील. दगड बेटावरच होता. आणायचे होते ते धान्य, दारूगोळा, लाकूड, चुना आणि जास्तीचे हात.

इंग्रजांनी आधी लहान शिबाडे (मालवाहू गलबते) पाठवून दमदाटी केली, ती चालली नाही. सप्टेंबरात लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. त्याच्याबरोबरचे काही मेले, काही पकडले गेले. आडोसे पुरे झाल्यावर त्यांच्यासमोर होडीतून उतरणाऱ्याला खडकावर पाय टेकेपर्यंत उघड्यावरच राहावे लागते. आजही खांदेरीच्या तटाबाहेर मोठमोठे दगड पसरलेले दिसतात. त्यावर कालवे धरलेली असतात आणि त्यांच्या कडा सुरीसारख्या असतात. घाईत उतरणाऱ्याचा पाय तिथे नक्की फाटतो.

मग ‘रिव्हेंज’ हे मोठे लढाऊ जहाज, दोन गुराबा (दोन-तीन डोलकाठ्यांची लढाऊ जहाजे), तीन शिबाडे आणि दोन मचवे असा आठ जहाजांचा ताफा आला. १८ ऑक्टोबरच्या पहाटे दौलतखान पन्नासच्या आसपास गुराबा घेऊन किनाऱ्याकडून त्यांच्यावर चालून गेले. ऑक्टोबरात रात्रभर आणि पहाटे मतलई वारे सुटलेले असतात, जमिनीकडून समुद्राकडे. किनाऱ्याकडून येणाऱ्याच्या शिडात वारा भरतो; नांगर टाकून पडलेल्याला नांगर उचलून तोंड फिरवायलाच वेळ लागतो. अर्ध्या तासाच्या आत ‘डव्ह’ या गुराबेने निशाण उतरवले आणि ती मराठ्यांच्या हाती आली. दुसरी गुराब लांब राहिली, शिबाडे आणि मचवे पळाले. एकटे ‘रिव्हेंज’ उरले. पण त्याच्या बाजूच्या तोफांसमोर नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून, मारा करणाऱ्या गुराबांचे चालेना. काही गुराबा बुडाल्या आणि मराठा आरमार नागोठण्याच्या खाडीत मागे सरले.

त्या दिवसापुरता हिशेब केला तर समुद्रावर टिकले ‘रिव्हेंज’. इंग्रजांनी तसे लिहूनही ठेवले. पण बेट पडले नाही, आणि पुढचे तीन महिनेही पडले नाही. याचे कारण त्या एका पहाटेत सापडत नाही, रोजच्या पुरवठ्यात सापडते.

दीडशे माणसांना माणशी अर्धा किलो धान्य धरले तर दिवसाला ७५ किलो लागते, महिन्याला सव्वादोन टन. एवढा माल एक मध्यम मचवा एकदोन खेपांत टाकतो. म्हणजे नाकाबंदी करणाऱ्याला महिन्यातल्या तिसाच्या तीस रात्री डोळ्यांत तेल घालून बसावे लागते, आणि राखणाऱ्याला त्यांतल्या दोन-तीन अंधाऱ्या रात्री पुरतात. माणसे वाढली, तोफा वाढल्या, तरी हे गणित फारसे बदलत नाही. खेपा तेवढ्या वाढतात.

त्यात जहाजांचा फरक. दोन डोलकाठ्यांची गुराब साधारण दीडशे टनांची, तीन डोलकाठ्यांची तीनशेपर्यंत. गलबत क्वचितच सत्तर टनांवर जाई. त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत. वारा पडला तरी ते चालते, आणि खडकांच्या उथळ पाण्यातून अंग चोरून जाते. मोठ्या जहाजाला वारा हवा, खोली हवी, वळायला जागा हवी. थळ ते खांदेरी या पट्ट्यात रात्री यातले काहीच त्याला धड मिळत नाही. ‘रिव्हेंज’ दिवसा समुद्रावर राज्य करत होते, रात्री त्याच्या नजरेआड मचवे ये-जा करत होते.

नोव्हेंबरात सिद्दी कासिम आपले आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला. जानेवारी १६८० मध्ये त्याने शेजारचे उंदेरी बेट बळकावून तिथे तोफा चढवल्या. दौलतखान यांनी उंदेरीवर हल्ला केला. तो फसला, माणसे आणि तरांडी गमावली, स्वतः दौलतखान जबर जखमी झाले. इकडे इंग्रजांच्या सुरतेच्या कौन्सिलला खर्च परवडेना. त्यांनी जहाजे मागे घेतली आणि महाराजांशी समेट केला. खांदेरी मराठ्यांकडे राहिली. काही आठवड्यांतच, ३ एप्रिल १६८० रोजी, महाराजांचे निधन झाले.

नावे कशात अडकली

पहिला अडथळा या विजयाच्या स्वभावातच आहे. सांगण्याजोगा दिवस एकच, १८ ऑक्टोबर. आणि त्या दिवशी मराठा आरमार मागे हटले होते. खरे यश होते ते बेट न पडण्यात. न घडलेल्या गोष्टीचा पोवाडा होत नाही. किल्ला जिंकला तर तारीख असते, निशाण चढते, बक्षिसे वाटली जातात. तीन महिने रात्री अंधारात तांदूळ पोचवणाऱ्या तांडेलांचा असा कुठला क्षण नसतो. भूदलातही हेच दिसते: रसद सांभाळणारा मागे पडतो, खिंड लढवणारा राहतो. समुद्रावर ते जास्त होते, कारण तिथे खुणेला दगडही उरत नाही.

दुसरे, श्रेय वाटले गेले. बांधकाम मायनाक यांचे, आरमार दौलतखान यांचे, हुकूम आणि दूरदृष्टी महाराजांची. महाराजांसारखा राजा डोक्यावर असला की सरदाराचे काम राजाच्या खाती जमा होते, आणि त्यात अन्याय आहे असेही नाही. बेट हेरले त्यांनीच. पण तानाजी आणि बाजीप्रभू हेही त्यांचेच सरदार होते आणि ते घराघरांत आहेत. त्यांचे एकेक काम एकेका जागेला, एकेका रात्रीला आणि त्यांच्या मरणाला बांधलेले आहे. दौलतखान जखमी झाले ते हरलेल्या हल्ल्यात, आणि त्यानंतर पुढच्याच ऋतूत सगळ्या राज्याचे लक्ष रायगडाकडे वळले.

तिसरी गोष्ट कागदाची, आणि आमच्या मते हीच सर्वांत वजनदार. १८ ऑक्टोबर ही तारीख आपल्याला कळते ती इंग्रजांच्या पत्रव्यवहारातून. मुंबई आणि सुरत यांच्यात पत्रे जात, त्यांच्या नकला राहत, विलायतेला आणखी एक प्रत जाई. त्यांचा हलक्या दर्जाचा अधिकारी मेला तरी नाव आणि दिवस लागतो. आपल्याकडे कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये जिंजीला बखर लिहिली. तीत आरमाराचे सुभेदार म्हणून दर्यासारंग आणि मायनाक भंडारी येतात. पण दर्यासारंग हा किताब, त्यामागचा माणूस वाचणाऱ्याला दिसत नाही. मायनाक हे नावही मायनाक, माय नाईक, मै नाईक असे वेगवेगळे लिहिले गेले. एका नावाने शोधणाऱ्याला दुसऱ्या नावाखालचे संदर्भ सापडत नाहीत.

दौलतखान यांचे नाव ज्या मराठी पत्रात ठसठशीत आहे, ते जानेवारी १६७५ चे. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने जंजिऱ्यासमोरच्या पद्मदुर्गाच्या कामासाठी नेमून दिलेला पैका आणि गल्ला वेळेवर पोचवला नाही, म्हणून महाराजांनी त्याची कडक हजेरी घेतली आहे. तो ऐवज दौलतखान आणि दर्यासारंग यांच्याकडे जायचा होता. पद्मदुर्ग वसवून राजपुरीच्या (म्हणजे सिद्दीच्या जंजिऱ्याच्या) उरावर दुसरी राजपुरी केली, हे शब्द याच पत्रातले. पत्र मुलाहिजा न ठेवणारे म्हणून वारंवार उद्धृत होते. मात्र उद्धृत होताना सगळे लक्ष सुभेदाराच्या खरडपट्टीवर जाते. हीच दोन माणसे आरमार घेऊन समुद्रात उभी होती आणि त्यांच्या पोटाची चिंता राजाला रायगडावर लागली होती, हा भाग वाचणारा ओलांडून पुढे जातो. या पत्रात दौलतखान आणि दर्यासारंग अशी दोन नावे वेगळी आहेत, हेही ध्यानात ठेवण्याजोगे, कारण पुष्कळदा दोघांना एकच समजून लिहिले जाते.

चौथे, मागे राहिलेली माणसे. मायनाक यांचे नाव निदान भंडारी समाजाने अभिमानाने धरून ठेवले आहे. दौलतखान यांच्या वाट्याला असा सांभाळणारा समाज आला नाही. हल्ली महाराजांच्या मुसलमान सरदारांच्या यादीत त्यांचे नाव येते. पण यादीत माणूस येतो तो धर्मासकट, कामाशिवाय. दौलतखान यांनी काय केले, कुठल्या समुद्रात, कुणाविरुद्ध, हे त्या यादीत नसते. या माणसाला याद्यांतून काढून खांदेरीच्या पाण्यात आणून उभे करणे हीच त्याची खरी आठवण ठरेल.

त्यांच्या शत्रूकडे पाहा. सिद्दी कासिम पुढे याकूतखान म्हणून अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत जंजिऱ्याचा धनी राहिला. मुरुडजवळ खोकरीला त्याचा दगडी घुमट उभा आहे. जंजिरा संस्थान १९४८ पर्यंत टिकले, म्हणून घुमटही सांभाळला गेला.

आणि ‘रिव्हेंज’वरचे दोघे, मिंचिन आणि किग्विन. दोघेही कॅप्टन, दोघेही त्या पहाटे एकाच जहाजावर. मिंचिनला आज अभ्यासकांखेरीज कुणी ओळखत नाही. रिचर्ड किग्विनला मुंबईच्या प्रत्येक इतिहासात जागा आहे, पण खांदेरीमुळे नव्हे. डिसेंबर १६८३ मध्ये त्याने कंपनीविरुद्ध बंड करून मुंबई इंग्लंडच्या राजाच्या नावाने ताब्यात घेतली आणि सुमारे अकरा महिने कारभार केला. त्या बंडाचा शोध घेणारे मागे मागे जात खांदेरीपर्यंत आले आणि तिथली त्याची कामगिरीही उजळली. एक ठळक गोष्ट आधीच्या सगळ्या आयुष्यावर प्रकाश टाकते. मिंचिनच्या आणि दौलतखान यांच्या आयुष्यात अशी दुसरी गोष्ट आली नाही.

कान्होजींचे नाव का टिकले

कान्होजी मोठे होते, यात वाद नाही. १६९८ च्या सुमारास सिधोजी गुजर यांच्यानंतर आरमार त्यांच्याकडे आले आणि ४ जुलै १७२९ ला निधन होईपर्यंत, तीस वर्षांवर, ते एकाच किनाऱ्यावर एकाच कामात राहिले. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून ताफा घेऊन याच खांदेरीवर आला आणि हात हलवत परत गेला. १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, तेही परतले. पराक्रमाने ते दौलतखान यांच्यापेक्षा वरचढ ठरतात, आरमाराच्या आकारानेही.

पण एकाला सर्व आणि दुसऱ्याला शून्य, एवढी तफावत पराक्रमाने येत नाही. ती येण्याची कारणे पाहण्यासारखी आहेत. शाहू आणि ताराबाई यांच्या तंट्यात मध्यवर्ती सत्ता दुबळी होती, तेव्हा कान्होजी स्वतःच्या शिक्क्याने पत्रे पाठवत होते. मुंबईच्या गव्हर्नरांशी त्यांचा थेट पत्रव्यवहार होता. त्यांचा आवाज आजही वाचता येतो. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांमार्फत शाहूंशी समेट झाला, त्यात खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग असे दहा किल्ले त्यांच्या नावावर झाले. सरखेलपद, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, घराण्यात राहिले. अलिबागला वाडा, हिराकोट, समाधी, स्वतःचा अलिबागी रुपया आणि १८४० मध्ये खालसा होईपर्यंत चाललेले संस्थान. म्हणजे तब्बल शंभर वर्षे नाव रोजच्या कागदावर येत राहिले.

शत्रूनेही हातभार लावला. आंग्र्यांचा दस्तक (परवाना) घेतल्याशिवाय या पाण्यातून व्यापारी जहाज जाऊ द्यायचे नाही, हा कान्होजींचा नियम. इंग्रज तो मानत नव्हते, म्हणून त्यांनी कान्होजींना चाचा ठरवले. या मोहिमांत असलेल्या क्लेमंट डाउनिंगचे पुस्तक १७३७ मध्ये लंडनला छापून आले, त्याच्या नावातच ‘चाचा आंग्रिया’ आहे. मराठी आरमाराच्या दुसऱ्या कुठल्याही सेनापतीला तोवर लंडनच्या छापखान्याने एवढी जागा दिली नव्हती. शिवी म्हणून छापलेले नाव पुढे अभिमानाचे झाले. १९५१ मध्ये मुंबईच्या नौदल तळाला आय.एन.एस. आंग्रे हे नाव मिळाले, १९९९ मध्ये टपाल तिकीट निघाले, त्याच्या वर्षभर आधी बेटाचे नाव बदलले. एकदा नाव पाटीवर आले की पुढची पाटी लिहिणारा तेच उचलतो.

या प्रसिद्धीने घरातल्यांनाही झाकले. कान्होजींचे पुत्र सेखोजी यांनी १७३३ मध्ये जंजिऱ्याच्या मोहिमेत आरमार चालवले आणि त्याच वर्षी ते वारले. इंग्रजी कागदांत बाप, मुलगे, तुळाजीपर्यंत सगळेच ‘आंग्रिया’. सेखोजींचे वेगळे नाव त्यात विरघळून गेले. सिधोजी गुजर यांचेही तसेच, ज्यांच्या हाताखाली कान्होजी तयार झाले. पेशव्यांचे आरमारप्रमुख आनंदराव धुळप यांनी ८ एप्रिल १७८३ ला ‘रेंजर’ हे इंग्रज जहाज पकडले. विजयदुर्गाच्या परिसरात त्यांचे नाव आहे, पण इंग्रजांशी सालबाईचा तह आधीच झालेला असल्याने ती लढाई तक्रारीच्या कागदांत गेली. याउलट १७५६ मध्ये विजयदुर्ग घेणाऱ्या इंग्रज ॲडमिरल वॉटसनचे स्मारक लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत आहे, आणि त्यावर त्या दिवसाची तारीख कोरलेली आहे.

थळच्या धक्क्यावर फलक लावायचा झाल्यास

खांदेरी आता जागतिक वारसा आहे, म्हणजे फलक लागतील, माहितीपुस्तिका निघतील. नेमक्या चुका कुठे होतात हे ठाऊक असलेले बरे.

कान्होजींनी खांदेरी बांधली असे लिहू नये. त्यांनी ती राखली, १७१८ मध्ये. १८ ऑक्टोबरच्या लढाईला मराठ्यांचा निर्भेळ सागरी विजय म्हणू नये. ‘डव्ह’ पकडली, गुराबा गेल्या आणि बेट राहिले, हे तिन्ही लिहावे. तसे लिहिल्याने दौलतखान लहान होत नाहीत. उलट एका फटक्यानंतरही पुरवठा तुटू दिला नाही, हे त्यांचे मोठेपण तेव्हाच कळते. उंदेरीचा पराभवही गाळू नये.

आकडे लिहिताना कुणाचे ते सांगावे, कारण गुराबांची संख्या शत्रूने मोजलेली आहे आणि लढाईनंतर शत्रूचे आकडे फुगतात. दौलतखान आणि दर्यासारंग यांना एक करू नये. मायनाक यांच्या नावाची रूढ रूपे फलकावर एकत्र द्यावीत, म्हणजे फोनवर शोधणाऱ्याला पुढचा धागा मिळतो.

आणि तारीख. कान्होजींची पुण्यतिथी ४ जुलैला येते; खांदेरीच्या लढाईला असा दिवस ठरवायचा, तर १८ ऑक्टोबर हा इंग्रजांच्या तेव्हाच्या जुन्या पंचांगाचा दिवस आहे. ते पंचांग त्यांनी १७५२ पर्यंत चालवले आणि सतराव्या शतकात ते आजच्या पंचांगाच्या दहा दिवस मागे होते. आजच्या हिशेबाने लढाईचा दिवस २८ ऑक्टोबर येतो. फलकावर दोन्ही तारखा लिहाव्यात. थळच्या शाळांनी मुलांना धक्क्यावर न्यायचे तर २८ ला न्यावे, सकाळी लवकर, मतलई वारा चालू असताना. तेव्हा दौलतखान यांच्या गुराबा कुठून सुटल्या आणि ‘रिव्हेंज’ला नांगर उचलायला उशीर का झाला, हे मास्तरांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.